तुम्ही आत्ता कुठे बसला आहात?

अमेरिकेत व्हिडिओवरून थेरपी घेणाऱ्याला बहुधा दर सत्राच्या सुरुवातीला हा प्रश्न विचारतात. पहिल्यांदा तो नसती चौकशी वाटतो, पण त्याला दोन कारणं आहेत. मध्येच काही बरंवाईट घडलं, तर मदत कोणत्या पत्त्यावर धाडायची हे थेरपिस्टला ठाऊक हवं. दुसरं कारण परवान्याचं. तो राज्यापुरता असतो, आणि तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथेच सत्र झालं असं धरतात. थेरपिस्टकडे फक्त न्यू जर्सीचा परवाना असेल आणि तुम्ही टेक्सासला राहायला गेलात, तर सत्रं साधारणपणे थांबतात.

या थेरपिस्टांमध्ये मोठी संख्या ‘लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर’ची, म्हणजे एल.सी.एस.डब्ल्यू.ची. सोशल वर्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वस्तीत काम करणारी कार्यकर्ती येते. अमेरिकेत मात्र समाजकार्यातली मास्टर्स पदवी, त्यानंतर जाणत्यांच्या देखरेखीखाली काही वर्षं काम (कॅलिफोर्नियात ३,००० तास), मग परीक्षा आणि मग परवाना असा रस्ता आहे. या सोशल वर्कर बोलण्यातून उपचार करतात. औषध लिहून देत नाहीत. ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. परवाना चालू आहे ना, हे राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव घालून कुणालाही फुकट पाहता येतं. एवढं जरूर करा.

पहिली भेट बरीचशी माहिती घेण्यातच जाते. पुष्कळदा ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात: गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी, कशात मन लागत होतं का. गुण ० ते २७. काही आठवड्यांनी तीच यादी पुन्हा भरली की फरक कळतो. बोललेलं गुप्त राहतं, पण जिवाला धोका असेल किंवा मुलांवर अत्याचार होत असेल, तर थेरपिस्टला गप्प राहता येत नाही. हे ती आधीच सांगते.

मला या पेशातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की समाजकार्याचं शिक्षण माणसाकडे त्याच्या परिस्थितीसकट पाहायला लावतं. नवऱ्याच्या नोकरीमागून एच-फोर व्हिसावर आलेली एखादी बाई म्हणते, “करमत नाही.” या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही, म्हणून मराठी जाणणारी थेरपिस्ट मिळाली तर उत्तमच. पण शब्द न कळणारी चांगली सोशल वर्करही पुढचे प्रश्न विचारते. घरात कोण कोण आहे? गाडी चालवता येते का? दिवसभरात कुणाशी बोलणं होतं? पैसे कुणाच्या हातात असतात? मग एखाद्या आठवड्याचा गृहपाठ गाडी शिकण्याचा क्लास शोधण्याचाही असू शकतो, आणि तोही उपचाराचाच भाग असतो.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं. खरी अडचण असते ती एकांताची. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि भिंती पातळ. अनेक जण गाडीत बसून बोलतात. हरकत नाही, गाडी मात्र उभी असावी, कानात इअरफोन असावेत, आणि कुठल्या पार्किंगमध्ये आहात ते सुरुवातीलाच सांगावं.

विम्यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विमा वापरायचा तर थेरपिस्टला निदानाचा कोड लिहावा लागतो, आणि खर्चाचं विवरण पुष्कळदा पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे जातं. नवऱ्याच्या पॉलिसीवर उपचार घेणाऱ्या बाईने हे आधी समजून घ्यावं. हे विवरण वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची विनंती विमा कंपनीला करता येते. विम्याशिवाय स्वतः पैसे भरणार असाल, तर खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क २०२२पासून कायद्याने दिला आहे.

जीव नकोसा झाला असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नये. अमेरिकेत ९८८ हा मदतीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि सुट्टीत पुण्या-नागपूरला यायचं ठरलं, की थेरपिस्टला तिकीट काढतानाच सांगा. भारतात बसून सत्र घेता येईलच असं नाही. मधल्या आठवड्यांचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवावं, आणि इथल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावा. तिथे मराठीत बोलता येतं.