‘दुसऱ्या नंबरच्या’ स्पर्धेचं बोलावणं: जायचं की नाही?

अमेरिकेत दर मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची सर्वात मोठी स्पर्धा सुरू होते. 2024 मध्ये मुलांच्या स्पर्धेत 68 संघांनाच जागा होती. राहिलेल्यांपैकी काहींना ‘एनआयटी’चं बोलावणं येतं. ही स्पर्धा 1938 पासूनची, म्हणजे मोठ्या स्पर्धेपेक्षाही एक वर्ष जुनी. पण आज तिचा मान दुसरा.

मग काही संघ नकार का देतात? एक तर मोठी संधी हुकल्याची निराशा. दुसरं म्हणजे 2024 मध्ये याच दिवसांत खेळाडूंना कॉलेज बदलण्याची मुभा मिळत होती. अर्धी मुलं जायच्या तयारीत असतील, तर खेळणार कोण? ‘सीबीआय’सारख्या आणखी लहान स्पर्धेत तर कॉलेजांनाच पैसे भरावे लागले आहेत.

2024 मध्ये सेंट जॉन्सने एनआयटीला नकार दिला आणि पुढच्या वर्षी आपली लीग जिंकली. त्याच लीगमधल्या सेटन हॉलने होकार दिला. रमजान चालू असताना, 4 एप्रिलला झालेल्या फायनलमध्ये इंडियाना स्टेटला 79-77 असं हरवून त्यांनी ट्रॉफी उचलली.

म्हणजे दोन्ही निर्णय बरोबर ठरू शकतात. पण शेवटच्या वर्षाच्या मुलाला पुढचा हंगाम नसतो. निदान त्याला विचारल्याशिवाय ‘नाही’ कळवू नये.