श्वेतपेशींची गणना आणि जंतुसंसर्ग : जेराल्ड बोडी यांचे संशोधन

तीव्र ल्युकेमियाने पछाडलेला रोगी बहुधा मूळ व्याधीने थेट दगावत नाही. त्याचा प्राण जातो तो रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५४ ते १९६३ या दहा वर्षांत मृत्यू पावलेल्या ४१४ रोग्यांच्या मृत्युकारणांचा आढावा हर्श, बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. रक्तबिंबिका देण्याची सोय झाल्यावर रक्तस्रावाचे मृत्यू कमी झाले आणि नव्या पेनिसिलिनांमुळे स्टॅफिलोकॉकस जंतूंचेही बळी घटले. तथापि त्यांची जागा इतर जंतूंनी व बुरशीजन्य रोगांनी घेतली. एक दार लावावे तो दुसरे उघडावे, अशी ही स्थिती होती.

याचे मूळ अस्थिमज्जेत आहे. जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या कणयुक्त श्वेतपेशी तेथे तयार होतात. ल्युकेमियात मज्जेची जागा अपक्व व निरुपयोगी पेशी व्यापतात; आणि ज्या औषधांनी या पेशी मारावयाच्या, ती औषधे निरोगी मज्जेचाही काही काळ नाश करतात. त्यामुळे रक्तातील एकूण श्वेतपेशींचा आकडा फसवा ठरतो. तो लाखावर गेलेला असूनही रोगी जंतूंपुढे निःशस्त्र असू शकतो. मोजावयाच्या त्या केवळ पक्व, कणयुक्त पेशी.

श्वेतपेशी कमी झाल्या की संसर्ग वाढतो, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. किती कमी झाल्यावर किती वाढतो, याचे मोजमाप मात्र बोडी, बकली, साठे आणि फ्रायराइक यांच्या १९६६ मधील निबंधाने दिले. (लेखकांच्या नामावलीतील तिसरे आडनाव मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.) अभ्यासलेले रोगी अवघे ५२. एवढ्या अल्प संख्येतून निष्कर्ष निघाला तो मोजणीचे एकक बदलल्यामुळे. एकाच रोग्याची पेशीसंख्या आज दोन हजार, तर पंधरवड्याने पन्नास असते. मग त्याला कोणत्या गटात घालावे? या संशोधकांनी रोगी न मोजता रोग्यांचे दिवस मोजले. पेशीसंख्येच्या प्रत्येक पातळीवर गेलेल्या दिवसांपैकी किती दिवस संसर्गात गेले, हे त्यांनी पाहिले. एकाच रोग्याचे लागोपाठचे दिवस परस्परांपासून स्वतंत्र नसतात, हा आक्षेप संख्याशास्त्राचा विद्यार्थी घेईल व तो रास्तही आहे. तरीपण दिसून आलेला कल इतका ठळक होता की त्याने निष्कर्षाला बाध येत नाही.

हा कल असा : घन मिलिमीटरमागे कणयुक्त पेशी १,००० च्या खाली उतरल्या की संसर्गाचा धोका वाढू लागतो आणि १०० च्या खाली तो सर्वाधिक होतो. न्यूनता जितकी दीर्घकाळ टिकेल तितका धोका चढत जातो. शिवाय संसर्ग झाल्यानंतर पेशी पुन्हा वाढू लागल्या तर रोगी तरण्याची आशा असते. त्या तळाशीच राहिल्या तर फारच थोडी. माझ्या मते या निबंधातील सर्वांत मोलाचा भाग हाच. औषध जंतूंना आवर घालते. पण रोग्याला सावरते ती त्याची मज्जा.

शय्येजवळ याचा अर्थ काय होतो? पू हा मुख्यतः या पेशींचाच बनतो. त्या नसतील तर गळू धरत नाही, आणि फुप्फुसात जंतू माजले तरी प्रारंभी क्ष-किरणचित्र स्वच्छ दिसू शकते. उरते एकच खूण, ती म्हणजे ताप. रक्तातील जंतू संवर्धनाने ओळखण्यास एक-दोन दिवस लागतात. स्यूडोमोनाससारखा जंतू तितका अवधी देईलच असे नाही. म्हणून जंतूची ओळख पटण्यापूर्वीच, केवळ ताप आणि पेशीसंख्या पाहून प्रतिजैविके सुरू करावीत, हा विचार पुढे आला. बाल्टिमोर येथील शिंप्फ व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन यांच्या जोडीने तो यशस्वी करून दाखविला. ‘निदान आधी, उपचार मागाहून’ या पाठाला येथे वैद्यकाने जाणूनबुजून फाटा दिला.

बोडी १९६६ मध्ये ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी स्यूडोमोनासवरील नव्या प्रतिजैविकांचा आणि गाळलेल्या हवेच्या संरक्षित खोल्यांचा अभ्यास चालू ठेवला. कणयुक्त पेशींची वाढ घडविणारे फिलग्रास्टिम हे प्रथिन १९९१ मध्ये अमेरिकेत उपचारास मान्य झाले. प्रतिजैविकेही पुष्कळ बदलली. आजही मात्र केमोथेरपी घेणाऱ्या रोग्यास ३८.३ अंश सेल्सिअस ताप आला, की वैद्य प्रथम विचारतो ती याच पेशींची संख्या. आणि ती ५०० च्या खाली असेल तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा तासाभरात देण्याचा प्रयत्न असतो.