कुकडी-घोडच्या खोऱ्यातली वाळू

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील नद्यांची वाळू मुख्यतः बेसाल्टची असते. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या सह्याद्रीचा काळा कातळ झिजवत पूर्वेकडे येतात. त्यांच्या पात्रात करड्या-काळ्या दगडाचे कण जमतात, अधूनमधून गारेचे पांढरे दाणे. हाच कातळ कुजला की त्याची फुगणारी चिकणमाती होते. ती दाण्याला चिकटते आणि सिमेंटला पकड घेऊ देत नाही. म्हणून इथे वाळू चाळण्याइतकेच ती धुणेही महत्त्वाचे.

गवंडी वाळू तळहातावर चोळून पाहतो. हात मातकट झाला तर माल नापसंत. बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली की वाळू आधी तळाशी बसते आणि गाळाचा थर तिच्यावर वेगळा दिसतो. काँक्रीटला भरड वाळू लागते, गिलाव्याला बारीक. खरेदी ब्रासने होते: 100 घनफूट, म्हणजे सुमारे 2.83 घनमीटर. दमट वाळू मात्र फुगते. दाण्यांभोवतीच्या पाण्यामुळे तिचे आकारमान पाव पटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते, आणि घमेल्याने मोजणाऱ्याच्या मालात वाळू कमी पडते.

नदीची वाळू सावकाश साठते. बोरी बुद्रुक येथे कुकडीकाठच्या थरांत ज्वालामुखीची प्राचीन राख सापडली आहे. सुमात्रातील तोबा ज्वालामुखीशी तिचा संबंध जोडला जातो. इतक्या जुन्या काठांची भरपाई एका पावसाळ्यात होत नाही. त्यात कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे ही धरणे वरून येणारी वाळू अडवतात. पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरींची पातळी खाली जाते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली.

आता क्रशरवर दगड फोडून केलेली क्रश सँड वापरात आली आहे. महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये अशा कृत्रिम वाळूसाठी धोरण आणले. तिच्याविषयी घर बांधणाऱ्यांच्या मनात संशय असतो, पण या खोऱ्यात तो दगडापुरता निराधार आहे: दोन्ही वाळू एकाच बेसाल्टच्या. फरक आकाराचा आणि धुळीचा. नदीने घासलेला दाणा गोलसर, फोडलेला टोकदार. त्यामुळे क्रश सँडचा माल कालवायला जड जातो आणि पाणी जास्त मागतो. चपट्या कपच्या कमी व्हाव्यात म्हणून दगडावर दगड आपटणारी यंत्रे वापरतात. आयएस 383 या मानकात 150 मायक्रॉनखालचा चुरा नैसर्गिक वाळूत सर्वसाधारणपणे 10 टक्के, तर फोडलेल्या दगडाच्या वाळूत 20 टक्क्यांपर्यंत चालतो. गिलाव्यासाठी वेगळी, बारीक चाळलेली क्रश सँड घ्यावी लागते. तिच्यात धूळ जास्त राहिली तर भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात.