‘नैसर्गिक’ मलम आणि बाळाचं इसब

बाळाच्या गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठतात, रात्रभर ते खाजवून रडतं आणि घरात सल्ला येतो, ‘डॉक्टरी मलम नको, काही नैसर्गिक लावा.’ सल्ल्यामागे माया असते, पण ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे.

इसबात त्वचेच्या भिंतीचा गिलावाच कच्चा असतो. अनेक मुलांत फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मतः कमी पडतं, हे डंडीच्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं. भेगांतून ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं आत शिरतं. २००३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाणा तेलाची मलमं लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळली. ते तेलही नैसर्गिकच होतं!

म्हणून डाळीचं पीठ, हळद, सुवासिक अर्क दूर ठेवावेत. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ घालावी, अंग ओलसर असतानाच बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली लावावी. चट्टे भडकले तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलम सांगितलेल्या दिवसांपुरतं लावायला घाबरू नये.

कर्जाचा कागद बारीक अक्षरं वाचूनच सही करावा, असं आम्ही बँकेत सांगत असू. मलमाची डबीही तशीच वाचून घ्यावी.