शेक संपले, आता ऑपरेशन?

फुप्फुसाच्या कर्करोगावर सहा आठवडे रेडिएशनचे शेक झाले, तरी स्कॅनमध्ये डाग दिसतोच. मग घरात एकच घोर: उरलंय ते कापून टाकता येणार नाही का? ओपेल मोटारींच्या जर्मन गावातल्या, ऱ्युसेल्सहाइममधल्या रुग्णासाठी हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. जर्मनीत ‘ट्यूमरकॉन्फरेन्झ’ बसते. सर्जन, रेडिएशनवाले, छातीचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट सगळे एकत्र. आपल्या टाटा मेमोरियलमध्येही हीच रीत.

मुळात तो डाग कर्करोगाचाच असेल असं नाही. शेकांनंतर काही महिने फुप्फुसाला सूज राहते आणि पेट स्कॅनमध्ये तीही चमकते. शंका राहिलीच तर तुकडा काढून तपासणं भाग आहे.

शिवाय शेकलेल्या छातीत हात घालणं सोपं नसतं. ऊती एकमेकींना चिकटलेल्या, रक्तपुरवठा कमी. श्वासनलिकेचं कापलेलं टोक भरून आलं नाही, तर हवा छातीच्या पोकळीत गळू लागते. म्हणून सर्जन बरगड्यांमधला स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वळवून त्या टोकावर शिवतात.

2009 साली ‘लान्सेट’मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या 396 रुग्णांचा अभ्यास आला. सर्वांना केमो आणि 45 ग्रे (शेकांच्या मात्रेचं माप) शेक. मग एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याचे शेक 61 ग्रेपर्यंत चालू. एकूण जगण्यात ठोस फरक पडला नाही. पण ज्या 54 जणांचं अख्खं फुप्फुस काढलं त्यांतले 14 दगावले. एकच खंड काढलेल्या 98 जणांत एक. मला विचाराल तर ‘करायचं का’ याआधी ‘किती कापणार’ हे विचारा.

तो अभ्यास आधीच आखलेल्या ऑपरेशनचा होता. पूर्ण 60 ग्रे झाल्यावर महिन्यांनी रोग तिथेच उलटला, तर ऑपरेशन हा बचावाचा उपाय. तो निवडक रुग्णांनाच झेपतो. उलट केमो आणि शेकांनंतर रोग आटोक्यात असेल, तर ऑपरेशन न झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांना सहसा वर्षभर इम्युनोथेरपी देतात. 2017 पासून ती वाट रुळली.

जर्मनीत 2025 पासून वर्षाला किमान 75 फुप्फुस-कर्करोग शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांनीच ही कामं करावीत, असा दंडक आहे. ऱ्युसेल्सहाइमहून एस-8 लोकलने माइन्झ नाहीतर फ्रँकफर्ट गाठून दुसरं मत घ्यायला कुठल्याच डॉक्टरची हरकत नसावी. जाताना श्वासाच्या तपासणीचा ताजा रिपोर्ट न्यावा. शेकांनी फुप्फुसाची ताकद घटते, त्यामुळे आधीचे आकडे धरून चालत नाहीत.