पेटंट झापडाचं की जोडाचं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी आलेल्या आजींच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा आपल्याकडच्या बहुतेक घरांनी पाहिलेला आहे. समोर काळी काच आणि दोन्ही बाजूंना कानशिलापर्यंत वळवलेलं काळं प्लास्टिक, त्यामुळे उजेड बाहेर आणि धूळही बाहेर. डोळा बरा झाला की चष्मा कपाटाच्या खणात जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो.

पेटंटच्या कायद्याने पाहिलं, तर खणातली ती वस्तू साक्षीदार आहे. डोळ्याला बाजूने आडोसा करण्याची कल्पना माझीच, असं उद्या कुणी म्हणालं, तर त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला ती पुरेशी आहे.

असं म्हणावंसं वाटणारी माणसं कमी नाहीत, कारण गरज खरी आहे. भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीतला लेथवरचा एखादा कामगार डोळ्यांसमोर आणावा. पंचेचाळिशी उलटलेली, नंबरच्या चष्म्याशिवाय मायक्रोमीटरवरच्या रेषा दिसत नाहीत. समोरून आलेली चीप काच अडवते, पण शेजारच्या ग्राइंडरवरून उडालेला कण काचेच्या मागून थेट डोळ्यात शिरतो. चष्म्यावर मोठा गॉगल चढवावा, तर काचेवर काच आणि मधे घामाची वाफ. मग तो पारदर्शक प्लास्टिकचे दोन तुकडे कापतो, त्यांना चिरा पाडतो आणि चष्म्याच्या काड्या त्यातून ओवतो. घोड्याला बांधतात तशी झापडं, फक्त आरपार दिसणारी. शेजारच्या मशीनवरचा म्हणतो, “अरे, पेटंट घे याचं!”

मिळेल का? झापडाचं मिळणार नाही. ते चष्म्याला ज्या जोडाने बसतं, त्या जोडाचं मात्र मिळू शकतं. या दोन वाक्यांमधलं अंतर कळलं नाही, म्हणून कितीतरी कल्पक माणसांचे पैसे पाण्यात जातात आणि काहींच्या हातातला खरा शोधही निसटतो.

झापडाचा इतिहास बराच लांबचा आहे. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन याने १७९७ मध्ये चार काचांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. दोन काचा समोर आणि दोन बिजागरीवर बाजूला वळणाऱ्या. पुढे वाफेची इंजिनं आली. उघड्या डब्यातल्या प्रवाशांच्या डोळ्यांत काजळी आणि ठिणग्या जाऊ लागल्या, तेव्हा याच घडणीचे चष्मे ‘रेल्वे चष्मे’ म्हणून ओळखले गेले. आल्प्समध्ये बर्फावर चढणाऱ्यांनी काचेच्या बाजूला चामड्याची कव्हरं शिवून घेतली, कारण बर्फावरून परतलेलं ऊन बाजूनेही डोळे जाळतं. आजच्या आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात तर ‘डोळ्यांच्या रक्षणासाठी बाजूची कव्हरं’ असा स्वतंत्र कप्पाच आहे, जी ०२ सी ११/१२. एखाद्या वस्तूसाठी जगभरच्या पेटंट कार्यालयांना वेगळा कप्पा ठेवावा लागतो, याचा अर्थ त्या वाटेने आधी पुष्कळ जण गेलेले आहेत.

लावता-काढता येणारी झापडंही जुनीच. सुरक्षा साहित्याच्या दुकानात ती जोडीने मिळतात. हातात घेतली तर मऊ, लवचीक, पारदर्शक प्लास्टिक. डोळ्याच्या बाजूला येणारा भाग रुंद, कानाकडे निमुळता होत गेलेला. काडी ओवायला खाचा आणि वाफ धरू नये म्हणून बारीक भोकं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत तर स्पष्ट लिहिलं आहे, की उडणाऱ्या वस्तूंचा धोका असेल तिथे बाजूने संरक्षण हवंच, आणि क्लिपने लावायची किंवा काडीवर सरकवायची सुटी कव्हरं त्यासाठी चालतील, मात्र ती नियमाच्या कसोटीला उतरली पाहिजेत. सरकारी नियमात ज्याचं नाव आलं, ते नवं कसं म्हणणार?

भारताचा १९७० चा पेटंट कायदा तीन गोष्टी विचारतो. वस्तू नवी आहे का? तिच्यात शोधक पाऊल आहे का? ती उद्योगात बनवता-वापरता येते का? तिसऱ्याची अडचण इथे नाही. पहिल्याचीही वाट निघते, कारण जगात कुठेच प्रसिद्ध न झालेला एखादा बारकावा बहुतेक कल्पक माणसांकडे असतो. अडतं ते दुसऱ्यावर. त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला जे सहज सुचलं असतं, ते शोधक पाऊल नव्हे.

हे किती कठोरपणे पाहिलं जातं, ते मिर्झापूरच्या भांड्यांच्या खटल्यात दिसतं. तिथे पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी बनवणाऱ्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या कारखान्याने १९५१ च्या सुमाराला लेथवर भांडं पकडून ठेवायची एक सुधारित युक्ती काढली आणि पेटंट घेतलं. जुन्या पद्धतीत फिरतं भांडं सुटून कामगाराच्या अंगावर उडायचं. नव्या पद्धतीत ते दाबून धरलं जायचं, काम जलद व्हायचं आणि सफाईही चांगली यायची. शेजारच्या कारखान्याने तीच रीत वापरली म्हणून दावा गुदरला गेला. एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पुन्हा उभं केलं, आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचं रद्द केलं. युक्ती उपयोगाची होती, हे कुणी नाकारलं नाही. पण दाबून धरणारी यंत्ररचना आधीपासून माहीत होती, ती भांड्यांच्या कामाला किंचित बदलून लावणं ही कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम’ या नावाने तो निकाल आजही परीक्षकांच्या अहवालांत येतो.

या निकालाचं मनाला लागतं ते असं, की त्या युक्तीने कामगारांची इजा टळत होती. उपयोग आणि शोध या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरजेतून वस्तू घडवणाऱ्या माणसाला हे पचवणं जड जातं.

मग चष्म्याला काहीतरी जोडण्याचं पेटंट टिकतच नाही का? टिकतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण चष्म्याच्याच दुनियेत आहे. नंबरच्या चष्म्यावर लोहचुंबकाने बसणारा गडद काचांचा क्लिप-ऑन सगळ्यांनी पाहिला असेल. चुंबक लावायची कल्पना जुनी होती, तिचं एक पेटंटही होतं. पण त्यात दोन दुखणी होती. चुंबक बसवायला चष्म्याच्या फ्रेममध्येच खळगे करावे लागत, त्यामुळे फ्रेम कमकुवत व्हायची. आणि धावताना, उडी मारताना क्लिप-ऑन जागचा हलायचा, घसरायचा. नंतरच्या शोधात क्लिप-ऑनला वरून येणारे छोटे हात दिले. ते मूळ फ्रेमच्या वर टेकतात, भार फ्रेम पेलते आणि चुंबकाकडे फक्त धरून ठेवायचं काम उरतं. ॲस्पेक्स आयवेअर आणि रेव्होल्यूशन आयवेअर या कंपन्यांमध्ये त्यावरून मोठा झगडा झाला, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवायला नकार दिला.

तिथे पेटंट गडद काचेचं नव्हतं, चुंबकाचंही नव्हतं. आधीच्या जोडाचं नेमकं दुखणं काय आणि ते कशाने गेलं, याचं होतं.

हीच नजर झापडांकडे वळवावी. बाजारातलं सरकवायचं कव्हर काडीवर चढवून चष्मा मिटायचा प्रयत्न केला, तर काडी अर्ध्यातच अडते, कारण कव्हरची पुढची कड फ्रेमवर आपटते. चष्मा डबीत जात नाही, म्हणून माणूस कव्हर काढतो, आणि काढलेलं कव्हर खिशात राहून जातं. हे एक खरं दुखणं. दुसरं, काड्यांची जाडी: तारेसारखी बारीक धातूची काडीही असते आणि बोटाएवढी रुंद प्लास्टिकचीही, म्हणून एका मापाचं कव्हर एकीवर लोंबतं, दुसरीवर चढतच नाही. तिसरं, भोकं मोठी केली तर कण आत येतो आणि लहान केली तर वाफ धरते. काडी मिटताना आपोआप घडी होणारं, उघडताना परत ताणून बसणारं कव्हर कुणी एका साध्या रचनेने साधलं, आणि तसं कुठे छापलेलं सापडलं नाही, तर परीक्षकापुढे बोलायला जागा आहे. “मी प्लास्टिक पारदर्शक केलं” किंवा “मी त्याला रंग दिला” एवढ्यावर ती मिळणार नाही.

कव्हरला छोटी बॅटरी जोडली तर? इथे कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येतं. माहीत असलेल्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध मानला जात नाही. दिवा उजेड देतो, कव्हर कण अडवतं. एकमेकांमुळे कुणाचंच काम बदललेलं नाही.

अर्जातला खरा कस दाव्यांत लागतो. पेटंटचा हक्क चित्रावर किंवा वर्णनावर मिळत नाही, तो शेवटी लिहिलेल्या दाव्यांच्या शब्दांवर मिळतो. “चष्म्याला लावायचं बाजूचं कव्हर” असा ऐसपैस दावा केला, तर रिचर्डसनपासून खणातल्या काळ्या चष्म्यापर्यंत सगळे त्याला पाडायला येतात. “अमुक मिलिमीटरची, अमुक प्लास्टिकची, तीन भोकांची पट्टी” असा दावा मिळेलही, पण नक्कल करणारा चौथं भोक पाडून सुटेल. जोड नेमका काय करतो ते पकडणारी वाक्यरचना मधे कुठेतरी असते, आणि ती शोधण्यासाठी चांगल्या पेटंट एजंटला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

घाई फक्त एका बाबतीत करायची. अर्जाआधी वस्तूचा व्हिडिओ टाकला, प्रदर्शनात मांडली किंवा विकायला काढली, तर आपलीच वस्तू आपल्या अर्जाविरुद्ध पुरावा होऊ शकते. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत मिळते. भारतातली सवलत फार अरुंद आहे, सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरतीच. त्यासाठीच तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज असतो. तो आधी दाखल करून तारीख पक्की करता येते आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांसाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो. एकट्या व्यक्तीला त्याची सरकारी फी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीची ४,००० रुपये. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तेही दरवर्षीची फी भरत राहिलं तर.

जर्मनी, जपान, चीन या देशांत अशा लहान सुधारणांसाठी ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा कमी मुदतीचा हक्क आहे. जर्मनीत तो १८९१ पासून चालत आला आहे. भारतात तो नाही. आपल्या लहान कारखान्यांत जे घडतं त्यातलं पुष्कळसं याच मापाचं असतं, त्यामुळे ही उणीव खटकते. डिझाइनची नोंदणी करता येते, दहा वर्षं आणि पुढे पाच, पण ती फक्त दिसण्याला राखते. जोडाच्या करामतीला तिथे जागा नाही.

पेटंटचा परीक्षक कव्हरवर लोखंडी गोळी टाकून पाहत नाही, हेही विसरून चालणार नाही. ते काम मानकांचं. अमेरिकेच्या झेड ८७.१ मानकाच्या प्राथमिक चाचणीत एक इंच व्यासाची पोलादी गोळी पन्नास इंचांवरून संरक्षक चष्म्याच्या काचेवर सोडतात. भारतात डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे मानक आहे. घरच्या साध्या चष्म्याला चांगलं कव्हर लावलं, तरी समोरची काच साधीच राहते. म्हणून भोसरीतल्या त्या कामगाराने अर्ज जरूर करावा, पण त्याआधी ओळखीच्या ऑप्टिशियनकडून वेगवेगळ्या जाडीच्या काड्यांचे दहा-बारा जुने चष्मे मागून आणावेत, प्रत्येकावर आपला जोड शंभर वेळा उघडून-मिटून पाहावा, आणि कुठे अडला, कितव्यांदा सुटला, ते तारखेनिशी वहीत लिहावं.