दोन आवृत्त्यांचे भांडण

सायकलचा नट आवळायला त्याच मापाचा पाना लागतो. नटाचे माप बदलले, की चांगला पानाही निरुपयोगी ठरतो. संगणकाच्या आज्ञावल्यांतही असेच घडते.

एक आज्ञावली सहसा इतर आज्ञावल्यांची मदत घेते. 'पायथन' भाषेत आकड्यांची मोठी कोष्टके हाताळायला 'नमपाय' ही मदतनीस आज्ञावली वापरतात. जून २०२४ मध्ये तिची दुसरी मुख्य आवृत्ती आली. तिच्यात माहितीची संगणकाच्या स्मृतीतील मांडणी काही ठिकाणी बदलली. त्यामुळे पहिलीशी जुळवून घडविलेल्या अनेक आज्ञावल्या दुसरीबरोबर चालेनात.

आता समजा, तुम्हांला दोन आज्ञावल्या हव्या आहेत. एकीला नमपायची जुनी आवृत्ती हवी, दुसरीला नवी. एका जागी तर एकच नमपाय राहते! मग काय करावे बरे?

दोघींना चालेल अशी आवृत्ती आहे का, हे प्रथम पाहावे. नसेल, तर प्रत्येकीला वेगळी जागा द्यावी. २०१२ पासून पायथनमध्येच तशी सोय आहे. पण दोघी एकत्रच हव्या असतील तर? मग जुन्या आज्ञावलीचा मूळ मजकूर घ्यावा, लागेल तेथे दुरुस्त करावा आणि नव्या नमपायशी जुळवून ती पुन्हा घडवावी. गंमत म्हणजे, अशी आज्ञावली पहिल्या आवृत्तीच्या अलीकडच्या रूपांबरोबरही चालते. नमपायच्या कर्त्यांनी तशी तजवीज केली आहे.

मूळ मजकूरच हाती नसेल, तर मात्र हा मार्ग बंद! म्हणून तो सर्वांना खुला असणे मोलाचे. पाना मोडीत टाकण्याआधी तो नव्याने घडविता येतो का, हे पाहता येते.